एनएपीएफ६ चं द्रावण गढूळ राहतंय, परक्लोरेटवर परत जावं का?

खानदेशी_कार्बन:

नमस्कार मंडळी. मी जळगावला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. केळीच्या खोडापासून हार्ड कार्बन (ग्रॅफाइटसारखे नीट थर नसलेला कार्बन) तयार करतो आणि सोडियम-आयन सेलमध्ये ॲनोड, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड, म्हणून तपासतो. खोडाला आमच्याकडे तोटा नाही. रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवले की खोडं बांधावर पडून असतात, शेतकरी म्हणतो घेऊन जा बाबा. कार्बनचं काम समाधानकारक चाललंय. गाडी अडलीय ती इलेक्ट्रोलाइटवर, म्हणजे सेलमधल्या आयन वाहून नेणाऱ्या द्रावणावर.

माझ्या आधीचा सीनियर सोडियम परक्लोरेट वापरायचा. पीसी (प्रॉपिलीन कार्बोनेट) या द्रावकात एक मोलार, म्हणजे लिटरला एक मोल, वर पूरक म्हणून पाच टक्के एफईसी (फ्लुओरोइथिलीन कार्बोनेट). द्रावण पाण्यासारखं नितळ. मी सोडियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, म्हणजे एनएपीएफ६ मागवलं, कारण प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या सेलमध्ये तेच असतं असं वाचलं होतं. ईसी (इथिलीन कार्बोनेट) आणि डीईसी (डायइथिल कार्बोनेट) ही द्रावकं निम्मी-निम्मी घेतली, १.६८ ग्रॅम मीठ टाकलं, एकूण १० मिलिलिटर केलं. रात्रभर ढवळूनही द्रावण पातळ ताकासारखं राहतं. ढवळणं थांबवलं की सकाळपर्यंत व्हायलच्या तळाशी पांढरा थर बसतो. बाटलीवर शुद्धता ९८ टक्के लिहिलीय. ग्लोव्हबॉक्समध्ये (निष्क्रिय वायूच्या बंद पेटीत) पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही ०.५ पीपीएमच्या खाली आहेत.

सेलही एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच फॉइलमधून कापलेले इलेक्ट्रोड, समोर सोडियम धातू, तरी पहिल्या सायकलची कार्यक्षमता (भरलेल्या चार्जपैकी परत मिळालेला भाग) एका सेलला सत्तर टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्याला साठच्याही खाली.

गाइड म्हणतात, वेळ घालवू नकोस, परक्लोरेटवर परत जा, निम्म्या पेपरांमध्ये तेच आहे. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे मुद्दाही नाही. तळाशी बसतंय ते काय? गाळून घेतलं तर चालेल का? मीठ वाळवायचं तर किती तापमानाला?

पुणे_पॅकवाला:

माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतचं, रसायन तुमच्याइतकं कळत नाही. पण सोडियम सेलचे पॅक आम्ही जुळवतो, म्हणून बाजारातलं सांगतो. परक्लोरेट भरलेला सेल मी आजवर पाहिलेला नाही, आणि कोणी आणून दिला तर दुकानात ठेवणार नाही. आमच्याकडे येतात त्या सेलच्या सुरक्षा पत्रकावर पीएफ६ च असतं.

सोडियममध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंची फॉइल ॲल्युमिनियमची. लिथियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करतो म्हणून तिथे ॲनोडला तांबं लागतं, सोडियम तसं करत नाही. त्यामुळे सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून पाठवता येतो. शेफिल्डच्या फॅराडियनने हे करून दाखवलं होतं, जी कंपनी पुढे रिलायन्सने घेतली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या पुण्यातच केपीआयटीने आयसर पुणेबरोबर केलेलं सोडियम-आयनचं काम जाहीर केलं. तेव्हा तुम्ही करताय ते वाया जाणारं नाही, एवढंच सांगायचं होतं.

उल्मची_इलेक्ट्रोलाइटवाली:

खानदेशी, 'तू' म्हणते, चालेल ना? मी मूळची साताऱ्याची, सध्या जर्मनीत उल्मला असते आणि इलेक्ट्रोलाइट हेच माझं रोजचं काम आहे. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण या गढूळपणाकडे डोळेझाक करून छापलेले आलेख मी फार पाहिलेत.

तळाशी बसलंय ते तुझं मीठ नाही. ती बहुतेक सोडियम फ्लोराइडची भुकटी आहे. सोडियम फ्लोराइड या कार्बोनेट द्रावकांत जवळजवळ विरघळतच नाही. खात्री करणं सोपं आहे. गढूळ द्रावणाचा थोडा भाग घे आणि त्यात तेवढंच द्रावक घाल. मीठ जास्त झाल्यामुळे उरलं असेल तर ते आता विरघळेल. तरीही गढूळच राहिलं तर तो बाहेरून आलेला कचरा. केंब्रिजच्या एका गटाने २०२१ मध्ये अमोनियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट आणि सोडियम धातू यांची टीएचएफ या द्रावकात अभिक्रिया करून स्वच्छ एनएपीएफ६ बनवलं. ते मीठ ईसी-डीईसीत एक मोलारच्या बरंच पुढेपर्यंत नितळ विरघळलं. म्हणजे 'हे मीठ नीट विरघळत नाही' ही जी समजूत आहे, ती बाजारातल्या मिठाच्या अशुद्धीमुळे झालेली आहे.

आता ही भुकटी येते कुठून? काही कारखान्यातूनच येते. मीठ बनवताना सोडियम फ्लोराइड आणि फॉस्फरस पेंटाफ्लोराइड एकत्र आणतात, त्यात काही फ्लोराइड तसंच राहतं. काही मात्र ओलाव्यामुळे नंतर तयार होतं, आणि मला काळजी वाटते ती याची. पीएफ६ आयनातून एक फ्लोराइड सुटला की मागे पीएफ५ उरतो. पीएफ५ पाण्याला सोडत नाही, लगेच फॉस्फोरिल फ्लोराइड आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. फॉस्फोरिल फ्लोराइडला आणखी पाणी मिळालं की डायफ्लुओरोफॉस्फेट आणि पुन्हा तेच आम्ल. हे दोन्ही द्रावणात विरघळलेले असतात, दिसत नाहीत. गाळलंस तर द्रावण नितळ होईल, पण शुद्ध होईलच असं नाही.

तरी गाळायचंच. बंद नळीत सेंट्रिफ्यूज करून वरचं घे आणि ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) सिरिंज फिल्टरमधून काढ. काचतंतूचा फिल्टर अजिबात नको. हायड्रोफ्लोरिक आम्ल काचेतल्या सिलिकावर चालून जातं आणि त्या अभिक्रियेत पाणी तयार होतं. ते पाणी आणखी आम्ल तयार करतं. याच कारणासाठी द्रावण काचेच्या व्हायलमध्ये ठेवू नकोस, ॲल्युमिनियमची किंवा पीएफए या टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची बाटली घे. तुझ्या कॉइन सेलमधला सेपरेटर (दोन इलेक्ट्रोड वेगळे ठेवणारा पडदा) काचतंतूचाच असणार, सोडियमच्या कामात सगळे तोच वापरतात. तो व्हॅक्यूममध्ये चांगला तापवून घेतल्याशिवाय आत नेऊ नकोस.

गाळल्यावर मोलॅरिटी किती उरली याची चिंता नको. ९८ टक्के धरलं तर तुझ्या १.६८ ग्रॅममध्ये खरं मीठ सुमारे १.६५ ग्रॅम, म्हणजे ०.९८ मोलार. फिल्टरवर राहिलेली भुकटी मात्र वाळवून वजन करून ठेव. पुढची बाटली पहिल्यापेक्षा बरी की वाईट हे त्यावरून कळेल.

वाळवणं. इथे लिथियमची सवय सोडायची. एलआयपीएफ६ (लिथियमचं असंच मीठ) तापवायला लोक घाबरतात ते बरोबरच आहे, ते शंभर अंशांच्या पुढेमागेच तुटायला लागतं. सोडियमचं मीठ बरंच दणकट. लिथियम फ्लोराइडचा स्फटिक फार घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे एलआयपीएफ६ ला फुटून लिथियम फ्लोराइड व्हायची ओढ जास्त. सोडियम फ्लोराइड तेवढा घट्ट नाही, म्हणून एनएपीएफ६ कोरडं असेल तर तीनशे अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. मी व्हॅक्यूममध्ये आधी साठ अंशांवर काही तास ठेवते आणि मग शंभर-एकशे वीसवर रात्रभर. थेट वरच्या तापमानाला नको. मिठात पाणी असेल तर ते निघून जायच्या आधी मिठालाच खाईल.

द्रावक वाळवायला कोणती मॉलिक्युलर सिव्ह (पाणी शोषणारे सूक्ष्म छिद्रांचे खडे) वापरतोस? बहुतेक प्रयोगशाळांत ३ए असते. ती पोटॅशियमची असते. ४ए सोडियमची. सोडियमच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये पोटॅशियम शिरायला नको असेल तर ४ए घे. आणि सिव्ह फक्त द्रावकात टाकायची. मीठ घातल्यावर नाही, कारण ती शेवटी ॲल्युमिनोसिलिकेट आहे आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तिलाही सोडत नाही. वाळवलेल्या द्रावकाचं कार्ल फिशर (पाण्याचं प्रमाण मोजायची चाचणी) करून ते वीस पीपीएमच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नये. अजून एक, ईसी ३६ अंशांच्या आसपास वितळतं. तुमच्या मे महिन्यात ते कपाटातच द्रव होत असेल आणि थंडीत खडा. त्यामुळे आकारमानाने मोजण्यापेक्षा वजनाने मोज, सगळ्या बॅच सारख्या होतील.

सेल जुळत नाहीत त्याचा सगळा दोष मिठाला देऊ नकोस. डीईसी आणि सोडियम धातू यांचं पटत नाही. धातू डीईसीवर हळूहळू अभिक्रिया करत राहतो, आणि त्यातून तयार होणारं जे काही आहे ते द्रावणात विरघळून तुझ्या कार्बनपर्यंत पोचतं. सोडियमच्या सेलमध्ये इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर लिथियमपेक्षा जास्त विरघळतो, त्यामुळे हा त्रास लिथियमवाल्यांना जाणवत नाही तेवढा आपल्याला जाणवतो. माझा सल्ला, ईसी-पीसी घे. २०१२ मध्ये बार्सिलोनाजवळच्या गटाने हार्ड कार्बनसाठी बरीच मिठं आणि द्रावकं एकमेकांसमोर ठेवून पाहिली होती, त्यात ईसी-पीसीचं मिश्रण सरस ठरलं. ते दाट असतं, पण काचतंतूच्या सेपरेटरमध्ये नीट मुरतं. सोडियम धातू दर वेळी ताजा कापून, वरची करडी साल काढून मगच दाबायचा.

आता परक्लोरेट. तुझ्या गाइडचं म्हणणं मला कळतं. ते स्वस्त आहे, नितळ विरघळतं आणि त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल येत नाही. पण सेंद्रिय द्रावकात विरघळवलेलं तीव्र ऑक्सिडीकारक असतं ते, आणि ओलावा इतका धरून ठेवतं की पूर्ण कोरडं करायला जावं तर धोका वाढतो. उद्या तुझ्या केळीच्या कार्बनला कोणी कारखानदार विचारायला आला तर तो पहिलं विचारेल की पीएफ६ मध्ये कसं चालतं. त्या दिवशी तुझ्या हातात उत्तर असलं पाहिजे. परक्लोरेटचे तीन-चार सेल तुलनेसाठी जरूर कर, गाइडनाही बरं वाटेल आणि प्रबंधालाही ते उपयोगी आहे. पण सगळं काम त्यावर उभं करू नकोस.

बाकीची मिठं म्हणशील तर टीएफएसआय आणि एफएसआय ही सोडियम मिठं ॲल्युमिनियमची फॉइल कुरतडतात. पीएफ६ फॉइलवर ॲल्युमिनियम फ्लोराइडचा थर धरतो आणि ती वाचवतो. बीएफ४ च्या सोडियम मिठात आयन एकमेकांना चिकटून राहतात, वाहकता कमी पडते. म्हणून फिरून गाडी एनएपीएफ६ वरच येते.

लोटे_सेफ्टी:

ताईंनी रसायन व्यवस्थित सांगितलं. मी लोटे परशुरामच्या एमआयडीसीत सुरक्षा विभागात नोकरी करून निवृत्त झालो. हायड्रोफ्लोरिकचा विषय निघाला म्हणून लिहितोय, पोरा, नीट वाच.

हे आम्ल सौम्य असलं की लागलेलं लगेच कळत नाही. सल्फ्युरिक पडलं तर माणूस ओरडतो. हे पडलं तर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत सुद्धा दुखत नाही, आणि तोवर फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. नखाखाली गेलं तर फार वाईट. तुझ्या द्रावणात ते थोडंच असेल, पण गढूळ बाटली, सेंट्रिफ्यूजची नळी, सिरिंज फिल्टर फुटणं, हे सगळं हातानेच होणार आहे. पातळ नायट्राइलचा एकच हातमोजा पुरत नाही, दोन घाल, थेंब पडला की वरचा लगेच बदल.

प्रयोगशाळेत कॅल्शियम ग्लुकोनेटची २.५ टक्क्यांची जेल आहे का, ते आजच बघ. असली तर तिची मुदत बघ. नसली तर मागव, आणि येईपर्यंत जवळच्या औषधाच्या दुकानातून कॅल्शियम ग्लुकोनेटचं १० टक्क्यांचं इंजेक्शन आणि पाण्यात विरघळणारी साधी वैद्यकीय जेली आणून ठेव. १० मिलिलिटर इंजेक्शन आणि ३० मिलिलिटर जेली एकत्र केली की तेवढीच जेल होते. लागलं तर पाच मिनिटं भरपूर पाण्याखाली धर, जेल चोळत राहा आणि दवाखान्यात जा. डॉक्टरांना 'ॲसिड' एवढंच सांगू नकोस, 'हायड्रोफ्लोरिक' असं नाव घेऊन सांग. सगळ्यांना त्याचा उपचार तोंडपाठ नसतो, सुरक्षा पत्रकाची प्रत बरोबर घेऊन जा.

परक्लोरेटचं काम तुलनेसाठी करणार असशील तर एक गोष्ट. सांडलेलं टिश्यूने पुसून तो टिश्यू कचऱ्याच्या डब्यात टाकायचा नाही. द्रावक उडून गेला की कागदावर कोरडं ऑक्सिडीकारक उरतं. पाण्याने भरपूर भिजवून वेगळ्या डब्यात ठेव. आणि तोच व्हॅक्यूम ओव्हन दोन्ही मिठांना वापरू नका.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. चुना टाकला की काम झालं असं बरेच जण समजतात. चुन्याने मोकळा फ्लोराइड कॅल्शियम फ्लोराइड होऊन बसतो, पण पीएफ६ आयन साध्या पाण्यात धट्टाकट्टा असतो, तो चुन्याला दाद देत नाही. डबा भरला की लेबल लावून अधिकृत घातक कचरा केंद्रावर पाठवा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. विद्यापीठात या कामाची जबाबदारी कोणाकडे आहे ते शोधून काढ, आणि कोणाकडेच नसेल तर तुझ्या गाइडना सांगून कोणाकडे तरी द्यायला लाव.

खानदेशी_कार्बन:

ताई, काका, पॅकवाले दादा, तिघांचे मनापासून आभार.

दुप्पट द्रावक घालून पाहिलं. गढूळपणा तसाच. म्हणजे ताई म्हणाल्या तेच. सेंट्रिफ्यूज करून गाळल्यावर द्रावण आता आरपार दिसतं. सिव्ह बघितली, ३ए निघाली. ४ए मागवायला टाकली. काकांची जेल आमच्याकडे नव्हती, इंजेक्शन आणि जेली आज संध्याकाळीच आणून फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावून ठेवली.

गाइडना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, सोडियम इतकं स्वस्त म्हणतात, मग या मिठाचं कोटेशन परक्लोरेटच्या कितीतरी पट का येतं? मला नीट सांगता आलं नाही.

उल्मची_इलेक्ट्रोलाइटवाली:

गाइडचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि सोडियम-आयनबद्दल बातम्या लिहिणारे तो विचारत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

एनएपीएफ६ च्या एका मोलचं वजन १६८ ग्रॅम. त्यात सोडियम २३ ग्रॅम, म्हणजे सुमारे १४ टक्के. उरलेलं ८६ टक्के फॉस्फरस आणि फ्लोरीन. सोडियम समुद्रातून आलं म्हणून त्या ८६ टक्क्यांची किंमत कमी होत नाही. फ्लोरीन येतो फ्लोरस्पार या खनिजातून. त्यावर सल्फ्युरिक आम्ल घालून हायड्रोफ्लोरिक आम्ल काढतात, ते पूर्ण निर्जल करतात, मग फॉस्फरस पेंटाक्लोराइडशी अभिक्रिया करून पीएफ५ वायू बनवतात. प्रत्येक पायरीवर गंज न धरणारी भांडी, कोरडी हवा आणि लोटेच्या काकांसारखी जागरूक माणसं लागतात. लिथियमच्या मिठालाही हीच साखळी आहे. शेवटच्या पायरीवर लिथियम फ्लोराइडऐवजी सोडियम फ्लोराइड येतं, एवढाच फरक. शिवाय लिथियमचं मीठ मोलला १५२ ग्रॅम आणि हे १६८, म्हणजे तेवढ्याच आयनांसाठी हे दहा टक्क्यांहून जास्त वजनाचं घ्यावं लागतं.

फ्लोरस्पार आपल्याकडेही आहे, गुजरातेत आंबाडुंगरला आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला. आयनिक मीठ बॅटरीच्या दर्जाचं करायचं तर खनिज असून भागत नाही, ते पीपीएमपर्यंत कोरडं आणि स्वच्छ करणारा कारखाना लागतो. तुझ्या ९८ टक्क्यांच्या बाटलीत तीच पायरी सुटलेली आहे. गाइडना हेच दाखव. महाग बाटली मागव, निदान एक तरी, आणि दोन्हींचे सेल शेजारी शेजारी लाव.

आणि एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूंची ओळख पटवणारी चाचणी) करून घे. मुंबईला आयआयटीच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरचे नमुने घेतात. फ्लोरीन-१९ मध्ये पीएफ६ ची दोनच रेषांची जोडी दिसली पाहिजे, साधारण ७१० हर्ट्झच्या अंतराने, आणि फॉस्फरस-३१ मध्ये -१४४ पीपीएमजवळ सात रेषा. फॉस्फरसमध्ये -२० पीपीएमच्या आसपास तीन रेषा उगवल्या तर ते डायफ्लुओरोफॉस्फेट समज. पेपर लिहिशील तेव्हा मिठाचा लॉट नंबर, वाळवण्याचं तापमान आणि गाळलं की नाही हे सगळं पद्धतीत लिही. कृपा करून लिही. तेवढं कोणी लिहीत नाही, मग दुसऱ्याच्या हार्ड कार्बनशी आपला ताडून बघायचा कसा?

खानदेशी_कार्बन:

लिहीन ताई, नक्की. एनएमआरसाठी द्रावण पाठवू की कोरडं मीठ? नळी तर काचेची असते.

उल्मची_इलेक्ट्रोलाइटवाली:

कोरडं मीठ. ग्लोव्हबॉक्समध्ये झाकण घट्ट करून, वर दुसऱ्या पिशवीत सील करून. बरोबर ड्यूटरेटेड ॲसिटोनायट्राइलची न फोडलेली ॲम्प्यूल द्यायची आणि त्यांना सांगायचं की नमुना मोजायच्या दिवशीच विरघळवा. एफईपी या प्लास्टिकचं अस्तर असलेली नळी त्यांच्याकडे आहे का तेही विचार. नसेल तर काचेची चालेल, पण द्रावण केल्या केल्या मोजायला सांग. नुसतं द्रावण कुरिअरने पाठवलंस तर ते पोचेपर्यंत तू मोजशील ते कुरिअरमध्ये तयार झालेलं आम्ल असेल.